गाडीवरचे स्वर्ल मार्क्स आणि बारीक ओरखडे घरी काढण्याची पद्धत: क्रम, मापं आणि हमखास होणाऱ्या चुका

पैसे मोजून रबिंग-पॉलिश करून घेतलं, गाडी आरशासारखी चमकली आणि तीन-चार वेळा धुतल्यावर ओरखड्यांची जाळी, म्हणजेच स्वर्ल मार्क्स, पुन्हा जशीच्या तशी दिसायला लागली, अशी तक्रार सतत कानावर येते. खरं तर ते ओरखडे गेलेलेच नव्हते. स्वस्त पॉलिशमध्ये तेल, मेण आणि भरण असतं. ते चऱ्यांमध्ये जाऊन बसतं, चरे काही दिवस झाकले जातात आणि शाम्पूच्या पाण्याबरोबर ते वाहून गेलं की सगळं उघडं पडतं. दुसरी तक्रार याच्या उलट असते. ओरखडे गेले, पण बॉनेटच्या कडेला रंगच उडाला. दोन्हीचं कारण एकच: आधी मशीन हातात घेतलं आणि विचार नंतर केला. मशीन फिरवणं हा या कामाचा जेमतेम अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा त्याच्या आधी करायचा असतो आणि नेमका तोच टाळला जातो.

## आधी हे समजून घ्या: आपण नेमकं काय काढतो

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन रंग असतो. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे सगळा रंग मिळून एका कागदाएवढाच. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. स्वर्ल मार्क्स असतात ते याच थराच्या पृष्ठभागावर.

ओरखडा म्हणजे खड्डा. तो काढायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणायचा. कटिंग कंपाउंडच्या (जाड कणांची, जोरात घासणारी पेस्ट) एका हातात, म्हणजे एकदा घासून काढण्यात, २ ते ४ मायक्रॉन जातात, फिनिशिंगमध्ये (बारीक पॉलिशने शेवटची चमक आणताना) एकाहून कमी. गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. उन्हापासून रंगाचं रक्षण करणारी द्रव्यंही याच थरात असतात. तो फार पातळ झाला, तर दोन-चार उन्हाळ्यांत टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे उठतात, साल निघाल्यासारखी पापुद्री सुटते आणि मग पुन्हा पेंट करण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून या कामाचा नियम एकच: जितक्या कमी घासण्यात भागेल तितकंच घासायचं. शंभर टक्के ओरखडे घालवण्याचा हट्ट धरू नका. ८०-८५ टक्के गेले, तरी चार पावलांवरून गाडी नवीच दिसते.

जाळी गोल दिसते म्हणून ती गोल पुसल्याने झाली, असंही नसतं. ओरखडे सगळ्या दिशांनी असतात. दिव्याभोवती आडवे येणारे तेवढे चमकतात आणि बाकीचे लपतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळं दिसतात. सरळ पुसलं तरी धूळ तीच असेल, तर ओरखडे पडणारच.

## टप्पा १: कोणता ओरखडा जाईल, कोणता नाही

पाणी शिंपडा. ओल्या अवस्थेत ओरखडा दिसेनासा झाला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल किंवा निदान पुसट होईल. मग अंगठ्याचं नख ओरखड्यावरून आडवं, हलकेच फिरवा. नख अडलं, तर तो पॉलिशच्या आवाक्याबाहेर गेलेला आहे. तो पूर्ण घालवण्याच्या नादात क्लिअर कोट संपेल. त्याच्या कडा गुळगुळीत करा म्हणजे प्रकाशात कमी चमकेल, आणि तिथेच थांबा. तळाशी पांढरं किंवा राखाडी दिसत असेल, तर तो प्रायमर आहे. तिथे टचअप रंगच लागेल.

हे सगळं ट्यूबलाइटखाली पाहू नका. पसरट उजेडात स्वर्ल मार्क्स दिसतच नाहीत. एक प्रखर बिंदू हवा: थेट ऊन, एलईडी टॉर्च किंवा मोबाइलचा फ्लॅश. टॉर्च पॅनेलपासून हातभर अंतरावर तिरकी धरा आणि डोळा हलवत राहा.

मॅट रंग, व्हिनाइल रॅप किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावलेली गाडी या पद्धतीने घासायची नाही. नुकताच पेंट केलेला पॅनेल असेल, तर महिनाभर थांबा.

## टप्पा २: जाडी मोजा

पेंट जाडी मोजायचं यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. ओळखीच्या डिटेलरकडून (गाड्या पॉलिश करून देणारा) दिवसभरासाठी मिळालं तरी चालतं, किंवा त्याच्याकडून एकदा मोजून घ्या. सोबत आलेल्या पट्टीवर आधी यंत्र जुळवून घ्या, मग प्रत्येक पॅनेलवर किमान पाच ठिकाणी मोजा आणि आकडे कागदावर लिहून ठेवा.

९० ते १४० दरम्यान आकडे आले, तर रंग कंपनीचा आहे असं धरून पुढे जा. २०० च्या वर गेले, तर तो पॅनेल पुन्हा पेंट झालेला आहे. ५०० च्या पुढे गेले, तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जाड आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. यंत्र सगळ्या थरांची बेरीज दाखवतं, वरचा क्लिअर कोट किती आहे ते सांगत नाही. गॅरेजमध्ये मारलेला क्लिअर कोट कधी जाड असतो, कधी नावापुरता. ८० च्या खाली आकडा आला, तर तिथे कटिंग कंपाउंड अजिबात नको. फिनिशिंग पॉलिशचा एक हात आणि बस.

सावधान: साधी यंत्रं प्लास्टिकवर चालत नाहीत, त्यामुळे बंपरची जाडी कळणार नाही. बंपर पातळ आहे असंच समजून वागा. यंत्र मिळालंच नाही, तर फक्त मध्यम कंपाउंड किंवा फिनिशिंग पॉलिश वापरा आणि कटिंगचा विचार सोडून द्या.

## टप्पा ३: सामान जमवा

अर्धं काम झाल्यावर पॅड संपले की माणूस मळलेल्याच पॅडवर रेटतो आणि तिथे काम बिघडतं. म्हणून आधी सगळं समोर मांडा:

- ड्युअल ॲक्शन म्हणजे डीए पॉलिशर; याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी डोलतोही. त्या डोलण्याचा पल्ला म्हणजे थ्रो. नवख्या हाताला ८ मिमी थ्रोचा सोपा पडतो. १५ मिमीचा मोठ्या सपाट पॅनेलवर काम लवकर उरकतो, पण वळणावर अडखळतो. १२५ मिमीची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची मशीनची चकती) घ्या.
- फोम पॅड: हॅचबॅकसाठी पॉलिशिंगचे चार आणि फिनिशिंगचे तीन, एसयूव्हीसाठी दोन-दोन जास्त. ओरखडे फारच असतील, तर कटिंग फोम आणि दोन मायक्रोफायबर कटिंग पॅड.
- एक मध्यम किंवा कटिंग कंपाउंड आणि एक फिनिशिंग पॉलिश. एका हॅचबॅकला दोन्ही मिळून ८० ते १०० मि.लि. पुरतं.
- बिनकिनारीचे मायक्रोफायबर टॉवेल, किमान दहा. गाडी कोरडी करायला एक मोठा जाड टॉवेल वेगळा.
- क्ले बार (रंगावर चिकटलेले कण उचलणारी मातीसारखी वडी), आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण सोडवणारं द्रव), टार रिमूव्हर (डांबर काढणारं द्रव), पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, क्षारही नाही असा) शाम्पू.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर.
- मास्किंग टेप, पॅड साफ करायचा मऊ ब्रश, टॉर्च, नायट्राइल हातमोजे, मास्क.

पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा नारिंगी कटिंगचा असतो, तर दुसरीचा पॉलिशिंगचा. पाकिटावर काय लिहिलंय तेच खरं.

गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनपासून नवशिक्याने लांब राहावं. तिची सगळी उष्णता एका जागी साठते, कडेवरचा रंग क्षणात जातो आणि काम नीट जमलं नाही तर उन्हात इंद्रधनुषी पट्टे दिसतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. ड्रिल मशीनला लावायचे पॅड तर नकोतच. टूथपेस्ट आणि पॉलिश पेपर हे घरगुती उपाय यादीतून कायमचे काढून टाका. टूथपेस्टमधले कण रंगासाठी बनवलेले नसतात. ती एका ओरखड्याच्या जागी धुरकट डाग देते.

## टप्पा ४: धुणं

सावलीत आणि पत्रा गार असताना धुवा. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली धूळ सोडवा. हात किंवा कापड न लावता जितकी माती जाईल तितकी जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट (हातात घालायचा मऊ धुण्याचा मोजा) शाम्पूत बुडवून अर्धा पॅनेल पुसा, साध्या पाण्यात खळखळून पिळा आणि पुन्हा शाम्पूत बुडवा. एकाच बादलीत काम केलं, तर काढलेली रेती पुन्हा गाडीवरच येते. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, मग खालचा, हा क्रम मोडू नका. चाकांसाठी मिट आणि बादली वेगळी.

बोअरचं जड पाणी असेल, तर पॅनेल वाळू देऊ नका. थेंब वाळले की चुन्याचे गोल डाग राहतात. आधीचे डाग असतील, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापड भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. तरी उरला तो डाग रंगात उतरलेला आहे. तो पॉलिशच्या वेळी बघू.

आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट रस पडतो. तो शाम्पूने एका फटक्यात सुटत नाही. कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल त्यावर पाच मिनिटं ठेवा, नखाने खरवडू नका.

## टप्पा ५: जे धुऊन जात नाही ते

स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून बारीक रव्यासारखा खरखरीत लागेल. तो रवा म्हणजे ब्रेकचं लोखंडी चूर्ण, डांबराचे ठिपके, दुसऱ्या कुणाच्या तरी रंगकामाचा उडालेला फवारा. रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचं प्रमाण जास्त असतं. हा थर तसाच ठेवून पॉलिशर फिरवला, तर हेच कण पॅडमध्ये अडकून ओरखडे काढायच्या ऐवजी नवे पाडतात.

क्रम असा: आधी टार रिमूव्हर, मग आयर्न रिमूव्हर, शेवटी क्ले.

टार रिमूव्हर फक्त ठिपक्यांवर लावा, मिनिटभराने पुसून घ्या आणि धुवा. आयर्न रिमूव्हर गार, ओल्या पॅनेलवर फवारा. लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ सुटतील. तीन ते पाच मिनिटांत, वाळायच्या आत, धुऊन काढा. वास उग्र असतो. मास्क आणि हातमोजे हवेतच.

क्ले बार १०० ग्रॅमचा असेल, तर चार तुकडे करा. एक तुकडा हातात मळून चार बोटांएवढी चकती करा. एक लिटर पाण्यात १० मि.लि. शाम्पू घालून बाटलीत भरा आणि पॅनेल सढळ हाताने ओला करा. चकती दाब न देता, सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. सुरुवातीला खरखर ऐकू येते, चकती किंचित अडते. थोड्या वेळाने आवाज बंद होतो आणि ती सरकायला लागते. तिथे थांबा, घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा आणि पुढच्या भागाकडे वळा.

सावधान: क्ले जमिनीवर पडला की टाकून द्या. धुऊन परत वापरू नका. त्यात रुतलेला एक खडा पूर्ण दारभर ओढला जातो.

तपासा: पिशवीची चाचणी पुन्हा करा. काचेसारखं गुळगुळीत लागायला हवं. क्लेने स्वतःच काही फिकट खुणा ठेवलेल्या दिसतील, त्या पॉलिशमध्ये जातात. मात्र नुसता क्ले करून गाडी तशीच सोडू नका.

आता गाडी पूर्ण कोरडी करा. आरशांच्या खाचा, नंबर प्लेटमागची जागा, दारांच्या कडा, इथून पाणी नंतर ठिबकतं आणि नेमकं पॉलिशमध्ये येतं. दारं उघडून आतल्या कडा पुसून घ्या.

## टप्पा ६: जागा, उजेड आणि टेप

मे महिन्यात दुपारी उघड्यावर हे काम करू नका. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड पसरायच्या आत वाळतं आणि मग पॅड कोरडा घासतो. पहाटे, संध्याकाळी किंवा पार्किंगमध्ये करा. हात ठेवल्यावर पत्रा गार लागला पाहिजे. खाली धूळ असेल, तर फरशीवर आधी पाणी शिंपडा. एक्स्टेंशनची वायर जाड घ्या आणि मशीनची वायर खांद्यावरून मागे टाका. रंगावरून घसटत जाणारी वायर स्वतःच ओरखडे काढते.

टेप कुठे लावायची: रबराच्या पट्ट्या, रंग न दिलेलं काळं प्लास्टिक, कंपनीचं चिन्ह, बॉनेटवरचे पाण्याचे नोझल, सनरूफची रबरी कड. काळ्या प्लास्टिकवर कंपाउंड उडून वाळलं की पांढरे डाग बसतात आणि ते काढताना तासभर मोडतो.

याहून महत्त्वाची टेप म्हणजे पत्र्याच्या धारदार कडांवर आणि बॉनेटवर उठलेल्या रेघांवर लावायची. उंचवट्यावर रंग ओला असतानाच खाली ओघळतो, म्हणून तिथे थर मुळात पातळ असतो. त्यात पॅडचा सगळा दाब त्या अरुंद धारेवर येतो. रंग उडण्याच्या बहुतेक घटना याच जागी घडतात. कटिंग करताना कडांवर टेप राहू द्या. फिनिशिंगच्या वेळी काढा आणि तिथे हाताने एक हलका फेर द्या.

## टप्पा ७: चाचणीचा चौकोन

हा टप्पा गाळणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. एका गाडीचा क्लिअर कोट कडक असतो, दुसरीचा इतका मऊ की नुसत्या टॉवेलने खुणा पडतात. व्हिडिओत दिसलेली कंपाउंड आणि पॅडची जोडी तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही, त्यामुळे आपली जोडी आपणच शोधावी लागते.

बॉनेटवर सपाट जागी ४५ बाय ४५ सेंमीचा चौकोन टेपने आखा. सर्वांत सौम्य जोडीपासून सुरुवात करा:

1. फिनिशिंग पॉलिश आणि पॉलिशिंग पॅड.
2. जमलं नाही, तर मध्यम कंपाउंड आणि त्याच प्रकारचा नवा पॅड.
3. तरीही नाही, तर कटिंग कंपाउंड आणि कटिंग फोम.
4. अगदी शेवटी कटिंग कंपाउंड आणि मायक्रोफायबर पॅड.

प्रत्येक प्रयत्नानंतर चौकोन अल्कोहोलच्या पाण्याने पुसा: ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, डिस्टिल्ड वॉटर चार भाग. पॉलिशमधलं तेल निघून जातं आणि खरं काय उरलंय ते टॉर्चखाली दिसतं. हे न पुसता केलेला निर्णय म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तोच झाकलेला ओरखडा. अल्कोहोल ज्वलनशील आहे. आसपास सिगारेट किंवा देव्हाऱ्यातला दिवासुद्धा नको.

ज्या जोडीने ८० टक्के ओरखडे गेले, ती तुमची जोडी. तिच्याहून कडक जोडी वापरायचं कारण नाही. क्रमांक तीन किंवा चारवर गेलात, तर मागून फिनिशिंगचा हात लागणारच, कारण कटिंगने धुरकटपणा येतो. पहिल्या किंवा दुसऱ्या जोडीत भागलं आणि चमक स्वच्छ असेल, तर दुसरा हात नको. एकाच हातात काम झालं, तर क्लिअर कोट वाचला.

तपासा: पॅडवर गाडीचाच रंग आला का? आला, तर त्या रंगावर क्लिअर कोट नाही किंवा होता तो संपलेला आहे. जुन्या साध्या पांढऱ्या-लाल गाड्यांवर क्लिअर कोट मुळातच नसतो. तिथे पॅड रंगणं साहजिक आहे आणि सौम्य पॉलिशने काम होतं. पण मेटॅलिक गाडीवर पॅड रंगला, तर त्याच क्षणी मशीन बंद करा.

## टप्पा ८: मशीन फिरवणं

बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ही रेघ फिरताना दिसली पाहिजे. डीए पॉलिशरचा पॅड दाब जास्त झाला किंवा तिरका धरला की फिरायचा थांबतो आणि नुसता थरथरतो. आवाज तोच येतो, काम मात्र शून्य. तासन् तास घासूनही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांच्या पॅडकडे पाहिलं, की बहुधा हेच निघतं.

नव्या पॅडवर आधी थोडं कंपाउंड बोटाने सगळीकडे पातळ चोळा, कोरडी जागा राहू देऊ नका. मग वाटाण्याएवढे चार थेंब. पुढच्या प्रत्येक चौकोनाला तीन पुरतात. जास्त घेतलं, तर पॅड घसरतो, कापत नाही, आणि सगळीकडे उडतं.

मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवा, चार-पाच जागी ठेवून कंपाउंड पसरवा. मग वेग १ वर चालू करून चौकोनभर पसरवून घ्या. त्यानंतर वेग ४ ते ५. चौकोन एकदा आडव्या ओळींत भरून काढला की एक फेरी, उभ्या ओळींत भरला की दुसरी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढली पाहिजे. ४५ सेंमीची एक ओळ ८ ते १० सेकंदांत, इतकं सावकाश. घाईने फिरवलेला हात हे नवशिक्यांचं दुसरं मोठं दुखणं; त्यांची ओळ दोन सेकंदांत संपते. एकूण चार ते सहा फेऱ्या करा. पहिल्या दोन-तीन मध्यम दाबाने, शेवटची फक्त मशीनच्या वजनावर.

मेग्वायर्स कंपनीच्या १०५ आणि २०५ सारख्या कंपाउंडमधले कण शेवटपर्यंत जवळपास एकाच आकाराचे राहतात. काही कंपाउंडमधले कण मात्र घासताना बारीक होत जातात आणि ती मध्येच सोडली, तर जाड कणांच्या खुणा तशाच राहतात. तुमचं दुसऱ्या प्रकारचं असेल, तर फेऱ्या अर्ध्यावर सोडू नका. कंपाउंड धुळीसारखं उडायला लागलं किंवा मशीन ओढल्यासारखं वाटलं, तर मात्र थांबा. पॅड कोरडा पडलाय.

मशीन पत्र्यावर टेकलेलं असतानाच चालू करा, बंद करा आणि थांबल्यावरच उचला. हवेत चालू केलं की कंपाउंड भिंतीपर्यंत जातं.

प्रत्येक चौकोनानंतर स्वच्छ टॉवेलने हलक्या हाताने पुसा, टॉर्च मारून बघा आणि पॅड ब्रशने झटका. पॅडवर साठलेला कंपाउंडचा आणि रंगाचा गाळ हाच नव्या खुणांचा उगम असतो. दोन पॅनेलनंतर पॅड बदला. वापरलेला पॅड गरम असतो. गार झाल्यावर धुवा, नाहीतर मागचं वेल्क्रो सुटतं.

सावधान: पत्रा हाताला कोमट लागला तर चालेल, हात ठेववत नसेल तर चालणार नाही. प्लास्टिकचा बंपर पत्र्याइतक्या लवकर उष्णता सोडत नाही, म्हणून तिथे वेग ३ ते ४, फेऱ्या दोन-तीन आणि दाब नाहीच.

क्रम: आधी बॉनेट, कारण चाचणी तिथेच झाली आणि हात बसतो. मग टप, डिकी, एकेक बाजू आणि शेवटी बंपर. दारांचा खालचा एक-तृतीयांश भाग चिखलाने कायम मार खातो. तो परिपूर्ण करण्यात वेळ घालवू नका. पॉलिशचा एकच हात द्यायचा असेल, तर हॅचबॅकला सहा-आठ तास लागतात; कटिंग आणि फिनिशिंग असे दोन हात द्यायचे असतील, तर बारा-चौदा. दोन दिवसांत वाटून घ्या. थकलेला हात मशीन तिरकं धरतो.

### हाताने करायच्या जागा

दाराच्या हँडलमागच्या वाटीत नखांचे आणि अंगठ्यांचे ओरखडे दाट असतात. तिथे मशीन जात नाही. फोमच्या छोट्या ॲप्लिकेटरवर मध्यम कंपाउंडचा एक थेंब घ्या, मधल्या बोटाने दाब देत वाटीत आडवं-उभं ३०-४० वेळा फिरवा, पुसा, बघा, हवं तर पुन्हा. दारांमधल्या खांबांवरचं चकचकीत काळं प्लास्टिक याच्या उलट स्वभावाचं, अतिशय मऊ. तिथे फक्त फिनिशिंग पॉलिश, मऊ फोम आणि अगदी हलका हात. पुसायला सर्वांत मऊ टॉवेल तिथेच वापरा.

## टप्पा ९: फिनिशिंग

कटिंग झालं असेल, तरच. कडांवरची टेप काढा, गाडीवरची धूळ ओल्या टॉवेलने टिपून घ्या, टॉवेल नवे घ्या. कंपाउंड लागलेला टॉवेल फिनिशिंगला चालत नाही. मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, वेग ३ ते ४, तीन-चार फेऱ्या, दाब जवळपास नाही. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर इथेच सगळी कमाई आहे. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, तिथे वेळ वाचवा.

तपासा: धुरकटपणा राहिला, तर आधी पॅड बदलून बघा, मग वेग कमी करा, मग पॉलिश बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही.

## टप्पा १०: संरक्षक थर

पूर्ण गाडी अल्कोहोलच्या पाण्याने पॅनेलमागून पॅनेल पुसा. तेल राहिलं, तर वरचा थर धरत नाही. टॉर्चखाली शेवटची पाहणी करा आणि त्याच दिवशी सीलंट (पॉलिमरचा संरक्षक थर) किंवा वॅक्स (मेण) लावा. पातळ लावा. जाड थर जास्त टिकत नाही, नुसता पुसायला जड जातो. आपल्या ऊन-पावसात वॅक्स महिना-दोन महिने टिकतं, पॉलिमर सीलंट त्याहून काही महिने जास्त.

सिरॅमिक कोटिंग लावणार असाल, तर पावसाळा टाळा. दमट हवेत ते वेडंवाकडं सुकतं आणि वेळेत पुसलं नाही, तर कडक पट्टे बसतात. ते काढायला पुन्हा पॉलिशच करावं लागतं. कोटिंग लावल्यावर ओरखडे पडणार नाहीत, असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. धुळीवरून कोरडं कापड फिरलं, तर कोटिंगलाही चरे पडतात.

## पुन्हा जाळी येऊ नये म्हणून

बहुतेक स्वर्ल मार्क्सचा उगम सोसायटीतल्या रोजच्या पुसण्यात असतो. एकच बादली, एकच फडकं आणि ओळीने दहा-बारा गाड्या. दोष गाडी पुसणाऱ्या दादांचा नाही. त्यांना वेळ आणि पाणी दोन्ही मोजून मिळतं. त्यांना नीट सांगा की रोज पुसायची नाही, आठवड्यातून एकदाच धुवायची, पैसे तेवढेच मिळतील. तुमच्या गाडीचे चार टॉवेल त्यांच्याकडे वेगळे द्या. पिसांचा झाडू आणि मेणाचा डस्टर डिकीतून काढून टाका. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने ते दिवसभर घासत राहतं.

पाण्याची टंचाई असेल, तर रिन्सलेस वॉश (वापरल्यावर पाण्याने धुवावं लागत नाही असं द्रव) वापरा. बाटलीवरच्या प्रमाणात एका बादलीत मिसळा, आठ-दहा टॉवेल त्यात भिजवून ठेवा, पॅनेलवर आधी तेच पाणी फवारा आणि एका टॉवेलची एक बाजू एकदाच वापरून पुढची घडी उघडा. वापरलेला टॉवेल बादलीत परत बुडवायचा नाही.

टॉवेल घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, सुती कपड्यांचा धागा त्यांत अडकतो. साधा द्रव साबण, कोमट पाणी, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही. वाळल्यावर गालावर घासून बघा. टोचला, तर तो टॉवेल यापुढे फक्त चाकांसाठी.